वेंगुर्ल्याची वल्ह्याची होडी आणि आपलं हतनूर

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात गेले काही रविवार फिरायच्या ठिकाणांवर पानभर मजकूर येतोय, आमच्या घरी तो आवडीने वाचला जातो, माय पण चष्मा लावून वाचते. पण त्या पानावर दोन दिवसात अमुक बघा, चार दिवसात तमुक उरका असंच जास्त असतं, आणि शेजारीच ट्रॅव्हल्सवाल्यांच्या जाहिराती. त्यावरून हे पत्र लिहावंसं वाटलं. पत्र लांबलंय, जागा नसेल तर कापा, फक्त शेवटचा हतनूर धरणावरच्या पक्ष्यांचा भाग कापू नका, खरं तर त्याच्यासाठीच लिहितोय.

आम्ही रावेर तालुक्यातले केळीवाले. केळीच्या कामाला सुट्टी अशी नसतेच, बारा महिने काही ना काही चालू असतं, त्यामुळे आमच्याकडची माणसं फिरायला निघाली की थोड्या दिवसात जेवढं होईल तेवढं बघून घेऊ अशा घाईत निघतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही पण तसंच केलं. एका ट्रॅव्हल्सवाल्याची कोकण दर्शन म्हणून टूर होती, चार दिवसात नऊ ठिकाणं. पहाटे पाचला उठायचं, बसमध्ये बसायचं, दोन तास प्रवास, वीस मिनिटं उतरायचं, फोटो काढायचे, परत बसमध्ये. मायला गुडघ्यांचा त्रास, ती चार वेळाच उतरली, बाकी पाच ठिकाणं तिने खिडकीतूनच पाहिली. बसमध्ये रात्री अकरापर्यंत मोठ्या आवाजात गाणी. एका बीचवर आमच्याच बसमधल्या माणसांनी जेवणाच्या प्लेटा आणि पाण्याच्या बाटल्या तिथंच वाळूत सोडल्या, मी आणि माझ्या सौ.ने जेवढ्या उचलता आल्या तेवढ्या उचलल्या, पण टाकायच्या कुठं तेच कळेना म्हणून परत बसमध्ये घेऊन आलो. घरी आल्यावर माय म्हणाली, "भाऊ, समुद्र पाह्यला पण भेट नाही झाली रे." ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं.

म्हणून यंदा जानेवारीत ठरवलं की एकच गाव धरायचं आणि पाच दिवस तिथंच राहायचं. गाव निवडलं वेंगुर्ला. भुसावळला मंगला एक्सप्रेस पकडली की गाडी न बदलता थेट कोकणात जाता येतं हे आमच्याकडच्या बऱ्याच लोकांना माहीतच नाही, आम्ही रत्नागिरीला उतरलो, एक रात्र थांबलो, दुसऱ्या दिवशी सावंतवाडीकडे जाणारी गाडी धरून कुडाळला आणि तिथून एसटीने वेंगुर्ल्याला. मी, सौ., माय आणि बारावीतला पुतण्या.

वेंगुर्ला म्हणजे बारा-तेरा हजार वस्तीचं गाव, नगरपरिषद आहे, बंदर आहे, बंदराच्या टेकडीवर दीपगृह आहे, डच लोकांची जुनी वखार पडक्या अवस्थेत अजून उभी आहे. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी इथून परदेशात माल जायचा. आज तिथं संध्याकाळी सातनंतर बाजारात सुद्धा आवाज नसतो. आम्हाला पहिल्या रात्री झोपच लागेना एवढी शांतता, आमच्या घराला लागून हायवे आहे आणि रात्रभर ट्रक चालू असतात त्याची कानाला सवय. फक्त लांबून समुद्राचा आवाज. सौ. म्हणाली की हे असं ऐकायला मिळावं म्हणून तरी माणसाने वर्षातून एकदा यावं.

राहायला एका घरीच खोली घेतली होती. घरच्या वहिनींनी दारातच विचारलं, "खंयसून इलास?" आम्हाला आधी कळलंच नाही, मग पुतण्याने अंदाजाने सांगितलं जळगाव जिल्ह्यातून. माय माळकरी आहे, कांदा-लसूण चालतं पण मासे नाही, तिला भीती होती की कोकणात आपलं जेवणाचं काय होणार. वहिनींनी तिच्यासाठी पाचही दिवस वेगळी चूल ठेवल्यासारखं केलं. काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्या, वालीची भाजी, सोलकढी. माय रोज त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायची, दोघींची भाषा एकमेकींना अर्धीच कळायची पण गप्पा तासभर चालायच्या. निघताना मायने पिशवीतून नेलेल्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, आणि कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ त्यांना दिलं आणि भाकरी कशी थापायची ते करून दाखवलं, वरून तेल आणि मिरचीचा ठेचा. टूरच्या बसमध्ये हे होऊच शकलं नसतं.

आता मूळ गोष्ट. तिसऱ्या दिवशी आम्ही मांडवीच्या खाडीत गेलो. तिथं स्वामिनी नावाचा महिला बचत गट आहे, नऊ बायकांनी मिळून २०१७ पासून कांदळवनात होडीने फिरवायचं काम सुरू केलंय. कांदळवन म्हणजे खारफुटी, खाडीच्या चिखलात, खाऱ्या पाण्यात उगवणारं जंगल. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर एक प्रकल्प होता, त्यातून आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाच्या मदतीने या बायकांना ट्रेनिंग मिळालं. आधी या घरातल्या बायका मासे विकणं, मासे सुकवणं हीच कामं करायच्या, होडी वल्हवणं हे पुरुषांचं काम. आता त्या स्वतः वल्हवतात आणि झाडं, पक्षी सगळं समजावून सांगतात.

होडी कधी निघणार ते घड्याळावर नाही, भरती-सुकतीवर. सुकती म्हणजे ओहोटी, तिकडचा शब्द आहे. आम्हाला सकाळी साडेआठला बोलावलं होतं. मायला होडीत बसवायला दोघीजणींनी धरलं, लाइफ जॅकेट घातलं, माय म्हणे मला पोहता येत नाही, तर त्यातली मोठी बाई म्हणाली, "आजी, घाबरा नको, आमी असंव मां." आणि होडी निघाली, मशीन नाही, फक्त वल्हं पाण्यात जायचा आवाज.

मी शेतकरी माणूस, झाडाकडे बघताना माझी नजर आधी मुळाकडे जाते. आणि इथं तर मुळं जमिनीच्या वर. कांदळाच्या झाडाला बुंध्यातून कमानीसारखी मुळं फुटून खाली चिखलात रुतलेली, जसं आपण घडाने वाकलेल्या केळीला बांबूचे टेकू देतो तसे झाडाने स्वतःच स्वतःला चारी बाजूंनी टेकू दिलेले. तिवराचं त्याच्या उलट, त्याची मुळं चिखलातून सरळ वर आलेली, पेन्सिली उभ्या खोचून ठेवल्यासारखी, हजारो. त्या ताईंनी सांगितलं की चिखलात हवा नसते म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. आमच्याकडे काळ्या जमिनीत चार दिवस पाणी साचलं की केळीची मुळं कुजतात, मूळ गुदमरलं की वरून पान पिवळं पडतं हे मी आयुष्यभर बघत आलोय, आणि हे झाड दिवसातून दोनदा पाण्यात बुडतं आणि तरी हिरवंगार. मी किती तरी वेळ नुसता त्या मुळांकडे बघत बसलो.

मग त्यांनी होडी एका तिवराला लावली, एक पान तोडलं आणि माझ्या हातात दिलं, "ह्यां पान चाटून बघा, मीठ लागतलां." पानाच्या पाठीला जीभ लावली तर खरंच खारट. झाड मुळातून खारं पाणी घेतं आणि जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं. पान उन्हात तिरकं धरलं तर मिठाचे बारीक बारीक कण चमकत होते. पुतण्या बायोलॉजीचा विद्यार्थी, त्याने हे पुस्तकात वाचलेलं, पण जिभेवर आल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

अजून एक दाखवलं ते सांगतो. कांदळाच्या फांद्यांना हिरव्या लांब शेंगा लटकत होत्या, शेवग्याच्या शेंगेसारख्या, मी म्हटलं ही शेंग. तर म्हणे ही शेंग नाही, हे रोपच आहे. बी झाडावरच रुजतं, आईच्या अंगावरच त्याचं रोप होतं, आणि तयार झालं की खाली सुटतं, सुकती असेल तर सरळ चिखलात टोक घुसून उभं राहतं, भरती असेल तर पाण्यावर तरंगत जातं आणि जिथं टेकेल तिथं रुजतं. माय हे ऐकून एकदम म्हणाली, "म्हंजे लेकराला पायावर उभं करूनच सोडते ही." त्या ताईंनी वल्हं थांबवलं आणि मायकडे बघून हसल्या, म्हणाल्या हे वाक्य आता मी सगळ्या पाहुण्यांना सांगणार.

महाराष्ट्रात अशी खारफुटी २०२१ च्या वन अहवालाप्रमाणे ३२४ चौरस किलोमीटर आहे. मुंबई हायकोर्टाने ती तोडायला बंदी घातली आहे, आणि २०२० मध्ये सरकारने पांढरी चिप्पी हे राज्याचं कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केलं. ही चिप्पी पण आम्ही मांडवीला पाहिली. मासे, कोळंबी, खेकडे यांची पिल्लं याच मुळांच्या जाळीत वाढतात, मोठा मासा आत शिरू शकत नाही म्हणून. आणि वादळ आलं, लाटा आल्या की पहिला मार हे झाड अंगावर घेतं. आमच्याकडे मे-जूनच्या वादळात एका रात्रीत शेकडो एकर केळी आडवी होते. पूर्वी प्रत्येक मळ्याच्या कडेला शेवरी, गजराज गवत दाट लावलेलं असायचं वारा अडवायला. आता एक एक फूट जागा मोजतो आणि कडेचं कुंपण काढून टाकतो. होडीत बसल्या बसल्या मला माझ्या पश्चिमेच्या बांधाची आठवण आली, यंदा तिथं परत शेवरी लावायची हे तिथंच ठरवलं.

पण सगळ्यात जास्त मनात राहिलं ते वेगळंच. मी विचारलं की तुम्ही इंजिनाची बोट का घेत नाही, एका दिवसात चारपट गिऱ्हाईक होईल. त्या म्हणाल्या, "वल्ह्यान गेलांव तर पक्षी उडनत नाय. मशीन लावला काय सगळे उडान जातत, मगे दाखवतलंव काय?" आणि खरंच होतं. खंड्या आमच्यापासून दोन हातांवर फांदीवर बसलेला, वरून ब्राह्मणी घार, तांबूस अंगाची आणि पांढऱ्या डोक्याची, चिखलात ढोकरी एका पायावर. एका ठिकाणी चिखलात पायांचे ठसे दाखवले, म्हणे ही रात्रीची हूद, म्हणजे पाणमांजर. हूद प्रत्यक्ष नाही दिसली. एवढ्या वेळात आमच्यातलं कुणी मोठ्याने बोललं नाही, पुतण्याने मोबाईल खिशात ठेवला तो किनाऱ्याला लागेपर्यंत काढला नाही.

समुद्रातली बेटं आम्ही लांबूनच पाहिली. वेंगुर्ल्यापासून पंधरा-एक किलोमीटरवर समुद्रात खडकांचा समूह आहे, वेंगुर्ला रॉक्स म्हणतात, त्यावर पण एक दीपगृह आहे. तिथल्या गुहेत पाकोळी नावाची पाखरं राहतात, ती आपल्या लाळेने घरटं बांधतात. परदेशात त्या घरट्याचं सूप करतात म्हणून एकेकाळी ही घरटी चोरून नेली जायची, मग पक्षीमित्रांनी आणि वनखात्याने ते उघडकीला आणलं. पुतण्याला जायचं होतं पण बंदरावरच्या एका म्हाताऱ्या आजोबांनी सांगितलं की वारा आहे, आणि तिथं उगाच माणसांनी जाऊ पण नये, पाखरांची जागा आहे ती. आम्ही टेकडीवरून संध्याकाळी दोन तास ती बेटं बघत बसलो, सूर्य त्यांच्या मागे गेला. तेवढ्यात समाधान झालं.

वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, हिवाळ्यात. गावातली माणसं पहाटे किनाऱ्यावर फिरून माग काढतात, अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून वाचवायला जाळीच्या कुंपणात नेऊन वाळूत पुरतात आणि पन्नास-एक दिवसांनी पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडतात. आम्ही गेलो तेव्हा पिल्लं नव्हती, नुसतं कुंपण आणि प्रत्येक घरट्यावर तारखेची पाटी. पण ती वाळू बघून मला गिरणा नदी आठवली. तिकडे एका कासवाच्या घरट्यासाठी माणसं वाळूवर रात्र काढतात आणि आपल्याकडे रात्रीच डंपर भरून वाळू निघून जाते, सकाळी नदीत नुसते खड्डे. गिरणा काठच्या माझ्या मेहुण्याच्या विहिरीचं पाणी किती खाली गेलंय ते तो दर वर्षी सांगतो. यावर आपल्या पेपरात बऱ्याच वेळा आलंय म्हणून जास्त लिहीत नाही.

वेंगुर्ल्यातल्या फळ संशोधन केंद्राचं मात्र थोडं सांगतो कारण शेतकरी वाचक आहेत. काजूच्या वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ या जाती ज्या सगळीकडे लावल्या जातात त्या इथल्याच. आंब्यात रत्ना आणि सिंधू पण इथल्याच, नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना, आणि रत्ना-हापूसमधून सिंधू, तिची कोय एकदम पातळ. एवढ्या छोट्या गावात बसून शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं हे काम केलं. जमलं तर आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी सहलीत ते जरूर घ्यावं.

आणि कचरा. वेंगुर्ला नगरपरिषदेने कचरा डेपोची जागा अशी केली आहे की लोक ती बघायला येतात. ओला, सुका, प्लास्टिक, काच सगळं घराघरातून वेगळं घेतात, ओल्याचा गॅस करतात, प्लास्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात वापरतात. तिथं झाडं लावली आहेत आणि वास नाही. मी तिथं उभा राहिलो आणि मला आमचे नाले दिसायला लागले. एक्सपोर्टची केळी सुरू झाल्यापासून प्रत्येक घडाला प्लास्टिकची स्कर्टिंग बॅग घालतो, घड कापला की ती बॅग जाते कुठं? बांधावर, नाल्यात, नाहीतर पेटवून देतात. जुन्या ठिबकच्या नळ्यांचं पण तेच. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आम्हाला त्याचा अभिमान आहे, पण पहिल्या पावसात त्या बॅगा वाहत तापीत जातात हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. या बॅगा गोळा करून घेणारी व्यवस्था गावोगावी झाली पाहिजे, आम्ही शेतकरी बॅगा बांधावर गठ्ठे करून द्यायला तयार आहोत, निदान मी तरी यंदापासून तसं करतोय.

आता हतनूर.

आपल्या तापीवर हतनूर धरण आहे, ४१ दरवाजांचं, १९८२ चं. तापी आणि पूर्णेचा संगम चांगदेवला होतो आणि धरणाचं पाणी मागे तिथपर्यंत पसरलेलं असतं. धरणात गाळ भरलाय ही तक्रार आम्ही शेतकरी कायम करतो आणि ती खरी आहे. पण त्याच उथळ पाण्यामुळे आणि गाळामुळे हिवाळ्यात तिथं पक्षी उतरतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, हिमालयाच्या पलीकडून येणारी पाखरं. पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाची जागा म्हणून हतनूरचं नाव देशातल्या यादीत आहे. आमच्या घरापासून ते पाणी जेमतेम तासाभरावर. आणि मी पन्नाशी ओलांडली तरी चार वर्षांपूर्वीपर्यंत मला हे माहीत नव्हतं, मी हतनूरला गेलो तो पुराचे दरवाजे उघडलेले बघायला. माय दर महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईच्या यात्रेला जाते, संगमावर उभी राहते, तिला पण कुणी कधी सांगितलं नाही की पाण्यावर दिसणारे ते नारिंगी पक्षी कुठून आलेत.

दोन हिवाळ्यांपूर्वी मी आणि पुतण्या मुद्दाम डिसेंबरात गेलो. दाखवणारं कुणी भेटलं नाही. काठाने चिखलातून चालत गेलो, पक्षी लांब, दुर्बीण नाही, दहा मिनिटात एक गाडी आली, त्यात मोठा स्पीकर लावलेला, पोरं पार्टी करायला आलेली, आणि सगळा थवा उठून गेला. आम्ही परत आलो. तेव्हा वाटलं की हे असंच असणार. वेंगुर्ल्याच्या त्या होडीत बसल्यावर समजलं की असं असायची गरज नाही.

तापी-पूर्णेच्या काठावर मासेमारी करणारी कुटुंबं आहेत, नाव चालवणारी माणसं आहेत, पाणी कुठं किती खोल, कुठल्या महिन्यात कुठला पक्षी कुठल्या छोट्या बेटावर बसतो हे त्यांना आपल्यापेक्षा हजारपट माहीत. गावोगावी महिला बचत गट आहेत, पापड-बिबड्या करतात, त्याला बाजार मिळत नाही म्हणून दमतात. यातल्या एखाद्या गटाला पक्ष्यांची नावं, होडी, लाइफ जॅकेट आणि दुर्बिणी एवढं मिळालं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी चार महिने हतनूरच्या मागच्या पाण्यात वल्ह्याच्या नावेतून पक्षी दाखवता येतील. धरणाच्या दरवाजांकडची बाजू सुरक्षेसाठी बंदच राहिली पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. मी बोलतोय ते चांगदेवकडच्या उथळ पाण्याबद्दल, जिथं आजही नाव चालते. इंजिन नको, स्पीकर नको, पाण्याला लागून हॉटेलं-रिसॉर्ट तर अजिबातच नको. एका वेळी चार-पाच माणसं, आणि थव्यापासून किती लांब थांबायचं ते नाववालेच ठरवतील. अंघोळ करून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी परत येईल एवढीच ही सहल. सोबत काठावरच्या घरी भरीत-भाकरीचं जेवण मिळालं तर अजून चार घरात पैसे जातील.

हे ज्यांच्या हातात आहे त्यांना माझी विनंती आहे की आधी दोन नाववाल्यांना आणि दोन बचत गटांच्या बायकांना वेंगुर्ल्याला पाठवा, चार दिवस. मोठा आराखडा, मोठा निधी, काँक्रीटचे ओटे, सेल्फी पॉइंट याने सुरुवात करू नका. काम शिकायचं तर करणाऱ्याकडूनच शिकलेलं बरं, मी टिश्यूकल्चर रोपांची केळी लावायचं पण शेजारच्या गावच्या शेतकऱ्याच्या मळ्यात चार दिवस राबून शिकलो. आमच्या गावातून कुणी जायला तयार झालं तर एका जणाचं येण्याजाण्याचं रेल्वे भाडं मी देईन, हे मी मनापासून लिहितोय.

काही वाचक म्हणतील की लोक यायला लागले की पक्षी जातील. ही भीती मला पण आहे. सातपुड्यात यावल अभयारण्य आहे, १९६९ पासूनचं, तिथल्या जंगलाचं काय झालंय ते आपण बघतोच. पण आज हतनूरला माणसं येतातच आहेत, स्पीकर घेऊन येतात आणि बाटल्या टाकून जातात, त्यांना थांबवायला काठावर कुणाचाच जीव अडकलेला नाही. वेंगुर्ल्यात मी एक बघितलं, आमच्या होडीच्या वाटेत एका मुळाला प्लास्टिकची पिशवी अडकलेली होती, त्या ताईंनी न बोलता होडी वळवली, वाकून पिशवी काढली आणि पायाजवळच्या बादलीत टाकली आणि पुढे सांगायला लागल्या. बादली अर्धी भरलेली होती. ती रोजची असणार.

संपादक साहेब, आपल्याला एक विनंती. या डिसेंबरात आपला एखादा वार्ताहर आणि फोटोग्राफर चांगदेवच्या संगमावर पाठवा. सकाळी साडेसहाच्या आत पोचायला हवं, पाण्यावर धुकं असतं तेव्हा पक्षी काठाजवळ असतात, ऊन चढलं की आत सरकतात. त्यांना आमच्याकडून पोहोचवायची, नाव बघून द्यायची आणि नंतर जेवायची सोय मी करतो. माय पण यायचं म्हणतेय, तिला त्या नारिंगी पक्ष्याचं नाव चक्रवाक आहे हे सांगितल्यापासून ती रोज विचारते की ते आले का.

कळावे, लोभ असावा.

आपला एक वाचक,
केळी उत्पादक शेतकरी, ता. रावेर, जि. जळगाव